दाइकिरी : एक पेला, मोजून



रिटायर्ड कर्नल बोलायला उभा राहिला की सीमेवरचे किस्से ऐकायला मिळणार, असं लोक धरून चालतात. आज किस्से कमी आणि काम जास्त. क्युबातलं एक जुनं रमचं पेय घरी कसं करायचं, ते मी सांगणार आहे. त्याचं नाव दाइकिरी. रम, लिंबू आणि साखर, एवढंच त्यात असतं.

आधी स्टँडिंग ऑर्डर्स. मी इंदूरहून बोलतोय, पण ऐकणारे बडोद्याचे आहेत, पाटण्याला नोकरी करणारे आहेत, बेळगावचे आणि पुण्याचे आहेत. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. तिथल्या मंडळींनी रम सोडून बाकीची कृती करावी, तीही शेवटी सांगणार आहे. महाराष्ट्रात परवाना लागतो आणि वय पंचवीस पूर्ण लागतं. जे पीत नाहीत, त्यांनी माझं ऐकून सुरू करू नये. हे बोलणं जे पितात त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आता दाइकिरी म्हणजे काय? ते एका गावाचं नाव आहे. क्युबाच्या आग्नेय किनाऱ्यावर, सांतियागो शहराजवळ, लोखंडाच्या खाणींचा भाग. २२ जून १८९८ रोजी अमेरिकन फौज स्पेनशी लढायला याच दाइकिरीच्या किनाऱ्यावर उतरली. त्या मोहिमेत गोळीने जेवढे सैनिक गेले, त्याहून जास्त रोगराईने गेले. पुढे तिथल्या खाणींवर जेनिंग्ज कॉक्स नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. हे पेय त्याच्या नावावर सांगतात. सहा जणांसाठीची त्याची म्हणून जी कृती सांगतात, तिच्यात सहा लिंबांचा रस, सहा चमचे साखर, सहा कप रम, थोडं पाणी आणि भरपूर कुटलेला बर्फ आहे. १९०९ मध्ये अमेरिकन नौदलाचा डॉक्टर ल्युशिअस जॉन्सन याने ते वॉशिंग्टनच्या आर्मी अँड नेव्ही क्लबात नेलं. म्हणजे खाणीतून निघालेलं हे पेय जगात पसरलं ते फौजी मेसमधून. आम्हा मंडळींना यात नवल वाटायचं कारण नाही.

पण या पेयाचा आजोबा आणखी जुना आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा त्याच्यापाशी आहे. ब्रिटिश नौदलात वेस्ट इंडीजमधल्या खलाशांना रोज अर्धा पिंट रम मिळायची. अर्धा पिंट म्हणजे सुमारे २८० मिली, आपल्या हिशेबाने साडेचार लार्ज पेगपेक्षा जास्त, आणि तीही कोरी. माणसं शिडावरून पडायची, मारामाऱ्या व्हायच्या. ऑगस्ट १७४० मध्ये अॅडमिरल व्हर्नन याने हुकूम काढला : रमच्या चौपट पाणी मिसळा, आणि दिवसातून दोन वेळा विभागून द्या. ज्यांना हे मिश्रण गोड हवं, त्यांनी आपल्या पैशाने साखर आणि लिंबू घ्यावं, असंही त्यात होतं. त्याच्या अंगात ग्रोग्रॅम नावाच्या जाड्या कापडाचा झगा असायचा, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणायचे. त्या पातळ रमचं नावही ग्रॉग पडलं.

बघा, रम, पाणी, साखर, लिंबू. दाइकिरीचं सगळं सामान तिथे आहे. आणि ते एकत्र आलं चवीसाठी नाही, शिस्तीसाठी.

आता आपल्याकडे या. फौजेत रमची सोय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. उंचावरच्या ठाण्यांवर रम मिळते म्हणून ‘रमने थंडी पळते’ असा समज घरोघरी पसरला आहे. तो खोटा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं, आणि त्याच वेळी शरीरातली ऊब बाहेर निघून जाते. आमचे मेडिकल ऑफिसर नव्या तुकडीला हे पहिल्याच दिवशी सांगायचे. बर्फात भटकायला निघण्याआधी घोट घेणारा माणूस स्वतःची ऊब वाटून टाकत असतो. सुट्टीत मनालीला जाणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा.

मेसमध्ये पिणं होतं, पण त्याभोवती कुंपण होतं. बारची वेळ ठरलेली. प्रत्येक पेग मोजून, आणि त्याची नोंद वहीत. महिन्याचं बिल सगळ्यांना कळायचं, सीओसाहेबांनाही. एखाद्याचं बिल फुगलं की एक दिवस बोलावणं यायचं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ या एका प्रश्नाने बरीच माणसं वाचली.

निवृत्तीनंतर ती वही बंद होते. कँटीनची बाटली घरी येते, संध्याकाळी सहानंतर फोन वाजत नाही, आणि कोणी मोजत नाही. माझा एक कोर्समेट, नाव सांगत नाही, उत्तम अधिकारी. डोंगरात त्याच्या हाताखाली एकही जवान वाट चुकला नाही. निवृत्तीनंतर चार वर्षांत यकृत गेलं आणि एकसष्टाव्या वर्षी तो गेला. वहिनींना विचारलं, रोज किती घ्यायचे? त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, ते ग्लासात ओतायचे. किती ते कोणाला माहीत?’

मंडळी, ‘किती ते कोणाला माहीत’ हेच खरं दुखणं आहे. आपल्या मराठी घरांत दारू एकतर वर्ज्य, नाहीतर लपूनछपून. गच्चीवर, गाडीत, कपाटामागे. जे लपवायचं असतं ते घाईत होतं, आणि घाईत माप राहत नाही. म्हणून मी म्हणतो, घ्यायचीच असेल तर उघड्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, घरच्यांसमोर आणि मापाने घ्या. दाइकिरीत हे आपोआप होतं, कारण मापाशिवाय ती जमतच नाही.

चला, आता कृती. हे एका पेल्याचं प्रमाण.

पांढरी रम ६० मिली. लिंबाचा ताजा रस २५ मिली. साखरेचा पाक २० मिली. बर्फाचे सहा-सात मोठे खडे.

रम पांढरीच का? सांतियागोमध्ये १८६२ साली फाकुंदो बाकार्दी याने भट्टी घेतली आणि कोळशातून गाळून, लाकडी पिपात मुरवून हलकी रम काढली. त्याआधीची रम उग्र असायची. क्युबाची ओळख ती हलकी रम. तिथल्या रम-उस्तादांची ही विद्या युनेस्कोने २०२२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपली काळी रम वेगळ्या घराण्याची, रंगाने आणि चवीने भारी. ती वापरली तर लिंबू मागे पडतं. तसं करायला बंदी नाही, फक्त पाक पाच मिली कमी करा आणि त्याला दाइकिरी म्हणू नका. मूळ मात्र दोघींचं एकच, उसाची मळी. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याजवळून गेलात तर नाकाला जो वास येतो, तोच.

लिंबू. इथे आपण भाग्यवान आहोत. आपलं कागदी लिंबू आणि कॅरिबियनमधलं छोटं लिंबू एकाच जातीचं. आशियातून अरबांबरोबर ते पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिशांबरोबर समुद्रापार. तेव्हा परदेशी लिंबू शोधत फिरू नका. मध्यम आकाराची दोन पुरतात. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, मग कापा. पिळताना साल चेंगरू नका, कडवटपणा उतरतो. रस चहाच्या गाळणीतून गाळा. बाटलीतला रस नको, आणि सकाळी पिळून ठेवलेलाही नको.

पाक. आपल्या गुलाबजामाचा एकतारी पाक नव्हे. साखर १०० ग्रॅम, पाणी १०० मिली, साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि गार करा. उकळत ठेवू नका. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतो. कोरी साखर का नाही? गार द्रवात ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते, पहिला घोट आंबट आणि शेवटचा गोड लागतो.

बर्फ. आदल्या रात्री स्वच्छ पाण्याचा लावा. उघड्या ट्रेमधल्या बर्फाला मटणाचा वास लागतो, मग कितीही भारी रम आणा, उपयोग नाही.

पेला. पायवाला आइस्क्रीमचा काचेचा कप चालतो. पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

घुसळायला खास शेकर नसला तरी चालेल. घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. रम, रस, पाक मापाने आत घाला. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मिलीच्या रेघांची टोपी. बर्फ टाका, झाकण लावा, फडक्याने धरा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. हात गारठायला लागला आणि डब्यावर दव धरलं की झालं. गाळणीतून पेल्यात ओता. वर काही लावायचं नाही.

हलवण्याने दोन गोष्टी होतात. पेय शून्याच्या खाली जातं, कारण दारू पाण्यासारखी शून्यावर गोठत नाही. आणि बर्फ वितळून साधारण तीस मिली पाणी आत शिरतं. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, तो कृतीचा चौथा घटक आहे. व्हर्ननचा हुकूम इथे बर्फ पाळतो.

आता हिशेब. आपल्याकडची रम बहुधा ४२.८ टक्क्यांची. ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर ते तासाला सात ते दहा ग्रॅम या वेगाने काढतं, म्हणजे एका पेल्याला दोन-तीन तास. शिवाय १२ ग्रॅम साखर. दाइकिरी सरबतासारखी लागते, पण ताकद सुमारे १९ टक्के असते, आणि गाडीची चावी त्या संध्याकाळी दुसऱ्याकडे द्यायची. मधुमेह, यकृताचा त्रास, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या असतील, तर हे पेय तुमचं नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून स्पष्ट सांगते आहे की दारूचं पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही. मीही तुम्हाला ती औषध म्हणून विकत नाही.

हेमिंग्वेचं नाव इथे कोणीतरी काढतंच. हवानाच्या फ्लोरिदिता बारमध्ये कोन्स्तान्तिनो रिबालाइग्वा नावाचा कातालान उस्ताद दाइकिरी करायचा, आणि हेमिंग्वेसाठी साखर वगळून दुप्पट रमची वेगळी करायचा. आज त्या बारमध्ये हेमिंग्वेचा ब्राँझचा पुतळा आहे, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. फोटोत त्याचं यकृत दिसत नाही. आपण रिबालाइग्वाकडून शिकावं. तो माणूस मापाचा होता.

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी दाइकिरी होते. साठीनंतर मी सगळंच निम्मं घेतो, रम ३० मिली, बाकीचंही अर्धं. सौ. रमशिवायची घेतात : तोच रस, तोच पाक, ९० मिली गार पाणी, चिमूटभर काळं मीठ, तसंच डब्यात घुसळून तशाच गार पेल्यात. दारूबंदीच्या राज्यांतल्या मंडळींची कृती हीच. मुलगी आली की डबा तिच्या हातात देतो. ती माप वाचते, मी ऐकतो. दुसरा पेला हवा असेल तर पुन्हा लिंबं कापा, पिळा, गाळा, मोजा. बहुतेक वेळा तेवढा उत्साह राहत नाही. बाटलीतून ओतण्यात आणि यात फरक आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

शेवटी एक काम देतो. तुमच्या ओळखीत कोणी निवृत्त झालेला असेल, फौजेतला, बँकेतला, रेल्वेतला, आणि संध्याकाळी एकटा बसत असेल, तर त्याला उपदेश करू नका. लिंबं घेऊन त्याच्या घरी जा. ओट्यावर माप ठेवा, एक पेला करा, सोबत दाणे-फुटाणे ठेवा आणि विचारा, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ उत्तर ऐकायला वेळ काढून जा. आणि उत्तरात हात थरथरत असेल, सकाळीच लागत असेल, तर पेला बाजूला ठेवा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन चला. त्याने एकदम बंद करायचा प्रयत्न घरच्या घरी करू नये, ते जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

मेसची वही आता नाही. तिची जागा आपणच एकमेकांसाठी घ्यायची आहे.

जय हिंद.