जन्मजात बहिरेपण आणि जनुकाचा उपचार



आम्ही डॉक्टर नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात माणसे बहिरी होताना पाहिली, म्हणून कानाविषयी हाती येईल ते वाचीत गेलो.

कानाच्या आतल्या शंखात बारीक केस असलेल्या पेशी असतात. आवाजाने केस हलले की पेशी मज्जातंतूला निरोप देते. त्यासाठी ओटोफर्लिन नावाचे प्रथिन लागते. आई आणि बाप या दोघांकडूनही त्याचे सदोष जनुक आले, तर मूल बहिरे जन्मते. (मामाच्या मुलीशी लग्न जुळविणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.) पेशी मात्र जिवंत असते. माग शाबूत, सूत शाबूत, फक्त धोटा नाही!

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात डिसेंबर २०२२ पासून हा धोटा बसविण्याचा प्रयोग झाला. चांगले जनुक निरुपद्रवी विषाणूत घालून कानात सोडावयाचे. परंतु त्या विषाणूत जनुकाची पावणेपाच हजारच अक्षरे मावतात, आणि हे जनुक सहा हजारांचे! मग त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंत भरले. ते पेशीत जाऊन सांधले गेले. सहा मुलांपैकी पाचांना ऐकू येऊ लागले, एकाला नाही. जानेवारी २०२४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये दोन्ही गोष्टी छापल्या आहेत.

जनुक न बदलता, त्यावरचे दडपण औषधाने सैल करण्याचीही एक वाट आहे. २०१८ मध्ये बहिरेपणाच्या एका प्रकारात उंदरांना त्याने काहीसे ऐकू आले. पण उंदीर तो उंदीरच.

मागवाले विचारतात, आमचे कान परत येतील काय? या उपचाराने नाही. खडखडाटाने पेशीच मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मुलांचा प्रश्न निराळा. बाळाच्या कानात आवाज सोडून पडसाद मोजणारी तपासणी स्वस्त असते. ओटोफर्लिन नसलेले मूल तीत बहुधा उत्तीर्ण होते, कारण पडसाद देणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्या धड असतात. आईला सांगतात, मूल ऐकते. बोलणे शिकण्याची वर्षे अशी निघून जातात. डोक्याला तारा लावून आवाज मेंदूकडे पोचतो की नाही हे पाहणारी तपासणी केली, तरच दोष कळतो. जनुकाच्या औषधांचे भाव भयंकर आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच एका औषधाला, ते कानाचे नव्हे, एकवीस लाख डॉलर किंमत लावली गेली. त्या भावाशी झगडावे लागेलच. पण ही दुसरी तपासणी प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात फुकट व्हावी, ही मागणी आजच करता येते, आणि आम्ही ती मागण्यांच्या यादीत घातली आहे.