बोम्मसंद्र्याची तळी आणि उन्हाळी विसावा

बंगळूरच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतील कुटुंबांना उन्हाळी शनिवार-रविवारी पाण्याकाठी विसावा घ्यावयाचा असल्यास फार दूर जावे लागत नाही, कारण सारा आनेकल तालुका जुन्या तळ्यांचा आहे. कन्नडमध्ये ‘केरे’ म्हटली जाणारी ही तळी निसर्गनिर्मित नसून, मोठी बारमाही नदी नसलेल्या या पठारावर पावसाचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालून ती निर्माण केलेली आहेत. वरचे तळे भरले की जादा पाणी ‘राजकालुवे’ म्हणजे मुख्य नाल्यावाटे खालच्या तळ्यात उतरते, आणि म्हणूनच एका ठिकाणी मिसळलेले सांडपाणी पुढील साऱ्या साखळीस बाधते.

हेब्बगोडीचे तळे असेच बिघडले होते. बायोकॉन फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या त्याच्या पुनरुज्जीवनात तरंगत्या पाणथळीचा, म्हणजे तराफ्यांवर वाढविलेल्या वनस्पतींचा, वापर करण्यात आला. त्यांची लोंबती मुळे नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेतात, तर मुळांवरील सूक्ष्मजीव सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. हे काम खरोखर गौरवास्पद आहे.

10 ऑगस्ट 2025 रोजी बोम्मसंद्र्यापर्यंतची मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्याने शहरवासीयांनाही हेब्बगोडी स्थानकापर्यंत सहज येता येते. सुमारे 900 मीटर उंचीमुळे येथील मे महिन्याची संध्याकाळ सुसह्य असते, आणि वळवाची सर येऊन गेल्यास ती अधिकच आल्हाददायक होते. काठावर विश्रामकुटीर नसणे ही उणीव मानू नये. तळ्याचा काठ बांधकामापासून मोकळा राहिला, तरच पावसाळ्यात पाण्याला पसरण्यास जागा उरते.