नागीण : पहिले बहात्तर तास



वयस्क माणसाच्या अंगावर कमरेपासून पाठीकडे लालसर पट्टा उमटला, त्यावर पाणी भरलेल्या फोडांचे पुंजके आले आणि आग होऊ लागली, की खानदेशातील घरांत ‘नागीण निघाली’ असे म्हणतात. या नावाबरोबर एक भीतीही चालत आली आहे. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही ती भीती होय. मग गेरूचा लेप लागतो, मंत्र घातला जातो आणि आठवडा निघून जातो. खरे नुकसान होते ते याच आठवड्यात.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. वय वाढले, अथवा कर्करोग, एच.आय.व्ही. यांसारख्या कारणांनी प्रतिकारशक्ती घटली, की तो जागा होतो व एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. शरीराच्या दोन्ही बाजूंचे मज्जातंतू वेगळे असल्याने पुरळ सहसा एकाच बाजूस उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. तोंड-शेपटीची भीती शरीररचनेनेच निराधार ठरविली आहे.

पुरळापूर्वी काही दिवस त्याच जागी ठणका व आग होते. ती छातीत असल्यास हृदयविकाराचा, कमरेत असल्यास मूतखड्याचा भास होतो. यास्तव त्या तपासण्या कराव्यातच; परंतु रुग्णाची त्वचाही पाहावी. नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला धोका असतो. अशा रुग्णास त्याच दिवशी जळगाव वा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे इष्ट होय. तरुणाला नागीण झाल्यास एच.आय.व्ही. तपासणीचा सल्ला द्यावा.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाले पाहिजे. प्रौढांना असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, सात ते दहा दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा या औषधाबरोबर पुरेसे पाणी पिण्याची आठवण अवश्य द्यावी. नवे फोड येतच असतील, तर ७२ तास उलटले तरी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

फोड दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपोआप सुकतात आणि श्रेय मंत्राला मिळते. तथापि, काहींच्या, विशेषतः वृद्धांच्या, अंगात वेदना महिनोन्‌महिने राहते. सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही, झोप उडते, शेतावर जाणे थांबते. ही वेदना खरी असते. तिच्यावर गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

फोडांतील द्रवामुळे कांजिण्या न झालेल्यांस कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत फोड झाकावेत आणि गर्भवती व तान्ह्या बाळांपासून रुग्णाने दूर राहावे. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळू लागली. पन्नाशीनंतर तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घेतात. तिची किंमत मोठी आहे. सर्वांना ती परवडणार नाही.

पण पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे प्रत्येकाला शक्य आहे. घरात कोणाला असा पट्टा दिसला, तर गावातील आशा कार्यकर्तीला त्याच सायंकाळी कळवावे.