पाहुण्याची सोय आणि पाण्याची बचत



जळगाव-धुळ्याकडच्या काही बचत गटांतल्या बायका आता पाहुण्यांना जेवू घालतात, घरातली खोली राहायला देतात. आम्हीही त्यातल्याच. आज आमची एक चूक सांगतो.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली. त्यामुळे आम्ही ठरवलं, थर्माकोलची ताटली नको, पाण्याची बाटली नको. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची पुरी, प्यायला माठातलं पाणी. पाहुणे खूश! फक्त पाण्याबद्दल शंका काढायचे. पाणी उकळून गार केलेलं आहे असं सांगू लागलो, तशी शंका मिटली.

मग आमचा हुरूप वाढला. पाणी वाचावं म्हणून न्हाणीत एकच बादली ठेवली आणि टॉवेल दोन दिवस बदलला नाही. कारण सांगितलं नाही, विचारलंही नाही. मे महिना, पारा 45 च्या घरात. मुक्कामाला आलेल्या ताई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. म्हणाल्या, "नाव पर्यावरणाचं आणि काटकसर आमच्या आंघोळीत?" एका दिवसाची कमाई बुडाली, पण त्यांचं बोलणं जास्त लागलं. कारण ते खरं होतं.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनं जावं लागतं. लेण्यांना धुराचा त्रास नको, हे कळलं की माणूस ती गैरसोयही सोसतो. अमेरिकेतल्या एका हॉटेलातला अभ्यास 2008 साली छापून आला. टॉवेल पुन्हा वापरून पर्यावरण वाचवा, एवढीच चिठ्ठी होती तिथे सुमारे 37 टक्के पाहुण्यांनी ऐकलं. 'या खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला' असं लिहिलं, तेव्हा 49 टक्क्यांनी.

आता आम्हीही चिठ्ठी लावली आहे: टॉवेल दांडीवर ठेवला तर राहू देऊ, टोपलीत टाकला तर लगेच बदलू. न्हाणीत हवं तेवढं पाणी. बचत आम्ही आमच्या बाजूनं करतो. आंघोळीचं पाणी परसातल्या केळींना जातं, अंघोळीचं पाणी तापवायला सौर बंब आहे. चादर मात्र प्रत्येक नव्या पाहुण्याला धुतलेलीच. स्वच्छतेत बचत नाही.

पाहुण्याला त्रास देऊन केलेली बचत कंजूषी दिसते. त्याला विचारून केली, तर तोही हातभार लावतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर बोला: आपण बचत कुणाच्या वाट्यातून करतो आहोत, आपल्या की पाहुण्याच्या?