खुर्ची सर्वांची, सभागृह सर्वांचे
(हिंगणघाट येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत. बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या सभेत झालं. तेव्हा भाषा चुकली तर सांभाळून घ्या.

आज मला टॉकीज आणि सभागृह यावर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, विहारात टॉकीजचा विषय कायले? सांगतो.

कापसाचा हंगाम आला की आपल्या गावात पैसा खेळे. गाडीवान, हमाल, जिनिंगमधले मजूर संध्याकाळी टॉकीजकडे वळत. आम्ही पोट्टे पहिल्या पाळीतून सुटलो की थर्ड क्लासच्या खिडकीत हात घालून उभे. तिथं जात कोणी विचारत नसे, तिकीट विचारत. अंधार झाला की शेजारी कोण बसलं हेही दिसत नसे. माझ्या बापाच्या पिढीला हॉटेलात वेगळा कप होता. मुलाला मात्र पडद्यासमोर सर्वांसारखाच बाक मिळाला.

हे आपोआप झालं का? नाही! परमपूज्य बाबासाहेबांच्या संविधानातलं कलम 15 काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणीही जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 1955 च्या अस्पृश्यता अपराध कायद्यानं तो मज्जाव गुन्हा ठरवला. म्हणजे टॉकीजच्या बाकावर बसणं हासुद्धा आपला हक्क होता, कोणाची मेहरबानी नव्हे.

आता सभेच्या जागेचं पहा. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं ते मुंबईत परळच्या दामोदर हॉलमधून. गिरणगावातलाच तो हॉल. मार्च 1927 ची महाडची परिषद भरली वीरेश्वर थिएटरात. त्या मंडपातून उठून माणसं चवदार तळ्यावर गेली. पण त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेसाठी महाडात जागा देणारा सापडेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं आपली जागा दिली, आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं तिथंच. पुढच्या वर्षी, 1928 मध्ये, आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं. चांगलंच झालं. पण देवळात उभं राहायला मिळणं वेगळं आणि चार माणसांनी एकत्र बसून स्वतःचा विचार करायला जागा मिळणं वेगळं!

हे मला स्वतःला कळलं ते बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. 14 एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आम्ही चार पोरं एक हॉल मागायला गेलो. भाडं रोख हातात होतं. आधी म्हणाले, या. कार्यक्रम कशाचा ते सांगितल्यावर म्हणाले, त्या दिवशी रिकामा नाही. जयंतीच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. दाराला कुलूप होतं. आम्ही रस्त्यावर ताडपत्री टाकून सभा घेतली. त्या रात्री ठरलं, आपलं सभागृह पाहिजे.

मग पगारातून दहा-दहा रुपये काढले. बायकांनी पिवश्यातले पैसे दिले. सुट्टीच्या दिवशी आम्ही विटा वाहिल्या. सभागृह उभं राहिलं. पहिल्या कार्यक्रमाला माझी माय आली. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती दाराजवळ जमिनीवर बसली. मी म्हटलं, माय, खुर्चीवर बस. ती म्हणे, "मी खालीच बरी हाये बाप्पा." हात धरून बसवलं तेव्हा ती खुर्चीच्या काठावर बसली, कोणी उठवेल अशी! कायदा होऊन पस्तीस वर्षं उलटली होती. तो कागदावरून माणसाच्या अंगात उतरायला इतका वेळ लागतो.

आज काळ बदलला. आधी व्हिडिओ आला, मग केबल, मग मोबाईल. गावोगावचे पडदे विझले. वर्ध्याला दुर्गा, राजकला ही नावं निघाली की जुन्या लोकांचे डोळे चमकतात. आता एका घरात चार माणसं चार फोन पाहतात. एकत्र हसणं गेलं, एकत्र रडणं गेलं.

आणि आपलं सभागृह? खरं बोलू, राग मानू नका. लग्न असलं की उघडतं, एरवी कुलूप. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली! वरून समितीत वाद आहे की हॉल दुसऱ्या समाजाला द्यावा की नाही.

बंधूंनो, ज्या कुलपासमोर मी उभा होतो, तेच कुलूप आपण आपल्या दाराला लावायचं काय? महाडात फत्तेखाननं जात विचारली असती तर?

माझ्या दोन सूचना आहेत. एक, नियम पाळेल आणि भाडं भरेल त्या कोणालाही सभागृह द्यावं, जात विचारू नये. दोन, महिन्यातल्या एका रविवारी इथं पडदा लावावा. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' दाखवा, नागराज मंजुळेंचा 'फँड्री' दाखवा, आणि नंतर पोरापोरींना बोलू द्या. मोठ्यांनी ऐकावं. पहिल्या रविवारी झाडू मारायला आणि खुर्च्या लावायला मी येतो.

पहिली रांग मात्र बायांसाठी ठेवा. माझी माय आता नाही. पण काठावर बसणाऱ्या माया अजून आहेत. त्यांना टेकून बसता आलं पाहिजे.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!