आज्ञावलींची भांडारे आणि त्यांची कुलुपे



पायाभूत सुविधा म्हटले की रस्ते, धरणे, वीज आणि बंदरे डोळ्यांपुढे येतात. गेल्या दोन दशकांत या यादीत एका अदृश्य सुविधेची भर पडली आहे. संगणकाच्या आज्ञावली जेथे साठवल्या जातात आणि त्यांतील प्रत्येक बदलाची नोंद जेथे राहते, ती भांडारे म्हणजे ही सुविधा होय. त्यांपैकी ‘गिटहब’ २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले.

अशा भांडाराला चालक कुलूप लावू शकतो. भांडार एका जागेवरून दुसरीकडे हलवताना, मधल्या काळात कोणी फेरफार करू नये म्हणून ते काही काळ बंद ठेवतात. वर्षअखेरीस हिशेब जुळविताना बँकेची खिडकी बंद असावी, तसाच हा प्रकार. त्याबद्दल तक्रारीचे कारण नाही.

जुलै २०१९ मध्ये मात्र निराळेच घडले. अमेरिकेच्या व्यापारी निर्बंधांचा हवाला देऊन इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील अनेक तंत्रज्ञांची खाजगी भांडारे बंद करण्यात आली. सार्वजनिक भांडारे खुली राहिली. परंतु अनेकांना स्वतःचेच काम उतरवून घेण्यासही अवधी मिळाला नाही. इराणपुरती ही बंदी जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकी सरकारकडून परवाना मिळाल्यानंतर उठली. तोवर दीड वर्ष लोटले होते!

यावर असे म्हटले जाते की, ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक तंत्रज्ञाकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते, मग कुलपाचे भय कशाला? ‘गिट’चा जन्मच अशा अनुभवातून झाला. लिनक्सचे काम ‘बिटकीपर’ या खाजगी मालकीच्या प्रणालीवर चालत असे. तिचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ रचले. हा युक्तिवाद खरा आहे, पण अर्धाच. त्रुटींच्या नोंदी, चर्चा आणि परवानग्या ‘गिट’च्या प्रतीत येत नाहीत, त्या चालकाकडेच राहतात. शेतकऱ्याचा माल त्याच्या कोठारात सुरक्षित असावा आणि खातेवही मात्र अडत्याकडे असावी, अशी ही स्थिती आहे. अर्थशास्त्रात ज्याला स्थलांतराचा खर्च म्हणतात, तो या खातेवहीत दडलेला असतो आणि भांडार जितके जुने, तितका तो वाढतो.

भारताला हा प्रश्न परका नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळे रोखली गेली. त्यांत गिटहबही होते. म्हणजे कुलूप बाहेरूनच लागते असे नव्हे. पुढे २०१५ मध्ये शासकीय आज्ञावलींचा स्रोत खुला करण्याचे धोरण आले आणि त्यातून ‘ओपनफोर्ज’ हे स्वदेशी भांडार उभे राहिले. तरीही मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’चा स्रोत खुला झाला, तो गिटहबवरच. यात वावगे काही नाही. जेथे तंत्रज्ञ जमतात तेथेच त्रुटी लवकर सापडतात.

परदेशी भांडार टाळण्यापेक्षा शासकीय कंत्राटांतच दोन अटी असाव्यात. स्रोताची रोजची प्रत देशातील दुसऱ्या भांडारात ठेवावी आणि चर्चा व त्रुटींच्या नोंदी ठरावीक काळाने उतरवून घ्याव्यात. पहिल्या अटीचा खर्च नगण्य आहे. दुसरीला मनुष्यबळ लागते, म्हणून तिची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करावी लागेल.