एका आज्ञेतील हिशोब : स्क्रिप्ट, सांख्यिकी आणि उत्तरदायित्व

लखनौच्या योजना भवनातून उत्तर प्रदेश शासनाचा अर्थ एवं संख्या प्रभाग राज्याच्या व जिल्ह्यांच्या उत्पन्नाचे अंदाज तयार करतो. २०११ च्या जनगणनेनुसार १९ कोटी ९८ लाख लोकसंख्या असलेल्या या राज्याचे नियोजन अशा आकडेवारीच्या पायावर उभे असते. विद्यार्थी मित्रहो, परीक्षेसाठी आकडे पाठ केले जातात. तो आकडा कसा तयार झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कमांड लाइनवरून स्क्रिप्ट चालविणे हा विषय वरकरणी तांत्रिक वाटतो, परंतु त्याचा खरा संबंध याच प्रश्नाशी आहे.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने करावयाच्या कृतींची साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेली यादी. कमांड लाइनवर आधी ‘पायथॉन’ हे भाषेचे नाव, पुढे स्क्रिप्टच्या फाइलचे नाव आणि त्यानंतर माहितीच्या फाइलचे नाव लिहून एंटर कळ दाबली की त्या कृती एकामागून एक पार पडतात. माहितीच्या फाइलचे नाव बदलले की तीच स्क्रिप्ट उत्तर प्रदेशाऐवजी महाराष्ट्राचा हिशोब करते. पद्धत तीच राहते, केवळ सामग्री बदलते.

साक्षरतेचे उदाहरण घेऊ. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील पुरुष साक्षरता ७७.२८ टक्के, तर स्त्री साक्षरता ५७.१८ टक्के होती. म्हणजे दरी २० टक्क्यांहून अधिक अंकांची. हे दर जिल्ह्यांच्या टक्केवारीची साधी सरासरी काढून मिळत नाहीत. तसे केल्यास सुमारे ४६ लाख लोकसंख्येचा लखनौ आणि सुमारे ११ लाखांचा श्रावस्ती यांना समान वजन मिळेल. सर्व जिल्ह्यांतील साक्षरांची बेरीज करून तिला सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येने भागावे लागते. तक्त्याच्या चौकटींत हाताने केलेला हिशोब यांपैकी कोणत्या मार्गाने गेला, हे छापील आकड्यावरून कळत नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र ती ओळ वाचता येते.

दुसरी अडचण जिल्ह्यांच्या नावांची व सीमांची. २०११ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात ७१ जिल्हे होते. पुढे ती संख्या ७५ झाली. २०१८ मध्ये फैजाबादचे अयोध्या आणि अलाहाबादचे प्रयागराज झाले. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद ही नावे बदलून छत्रपती संभाजीनगर व धाराशिव करण्यात आली. नावे जुळवून दोन तक्ते जोडल्यास असे जिल्हे गळून पडतात आणि बेरीज बिनबोभाट चुकते. नामांतर एका ओळीत नोंदविता येते. परंतु सुलतानपूर व रायबरेलीचे भाग मिळून झालेल्या अमेठीसाठी तहसीलनिहाय आकडे पुन्हा जुळवावे लागतात. असा प्रत्येक निर्णय स्क्रिप्टमध्ये लिखित राहतो.

काम सुरळीत पार पडल्यास स्क्रिप्ट कमांड लाइनला शून्य हा संकेतांक परत देते. शून्येतर अंक अपयश दर्शवितो. २०११ च्या माहितीत ७१ जिल्हे न आढळल्यास तेथेच थांबावे, अशी अट लेखकाने घातली, तर चुकीचा आकडा पुढे जाण्यापूर्वीच अडविला जातो.

या दक्षतेचे मोल अर्थशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातही दिसते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले की, ज्या प्रगत देशांचे सार्वजनिक कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का असतो. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ हा निष्कर्ष अनेकदा पुढे करण्यात आला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मायकेल अॅश व रॉबर्ट पॉलिन यांच्यासह मूळ तक्ता तपासला. एका सूत्रातून पाच देश सुटले होते. काही वर्षांची माहिती वगळली गेली होती आणि भारांकनाची पद्धतही आक्षेपार्ह होती. त्यांच्या फेरगणनेत तो दर २.२ टक्के आला. मूळ तक्ता हाती आला म्हणूनच ही तपासणी शक्य झाली.

स्क्रिप्ट म्हणजे सत्याची हमी नव्हे. प्रगणकाने चुकीची नोंद केली असेल, तर ती चूक स्क्रिप्ट इमानेइतबारे पुढे नेईल. गृहीतक सदोष असेल, तर उत्तरही सदोष येईल. फरक इतकाच की, दोष कोठे आहे हे दुसऱ्याला शोधता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात श्रावस्तीसह उत्तर प्रदेशातील आठ जिल्हे आहेत. अशा जिल्ह्याचे स्थान आकड्यांवर ठरत असेल, तर तो हिशोब तपासण्याची सोय तेथील नागरिकालाही असावयास हवी.

साधनांचा खर्च येथे अडसर नाही. पायथॉन विनामूल्य आहे, आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक पाठ मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत आणले आहेत.

जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार हिमाच्छादित प्रदेश वगळता पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. सोळा वर्षांच्या अंतराने येणारे ते आकडे जुन्या जिल्ह्यांशी ताडून पाहण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांच्या पिढीकडे येईल. त्या वेळी उत्तरासोबत त्याचा मार्गही लिहून ठेवणारा अधिकारी किंवा अभ्यासक लोकशाहीतील उत्तरदायित्वाची एक मूलभूत अट पूर्ण करीत असेल.